जुन्या मोटारींसाठी पेट्रोलच्या ऑक्टेन अंकाची निवड

सिलिंडरातील हवा-पेट्रोलचे दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटले, की इंजिन ठोके देते; या स्फोटक ज्वलनाला पेट्रोल किती दाद देत नाही, हे ऑक्टेन अंक सांगतो. 1926 मध्ये ग्रॅहम एडगर यांनी मांडलेल्या मापनपद्धतीत आयसो-ऑक्टेन या सहज ठोके न देणाऱ्या द्रवाला 100, तर नॉर्मल हेप्टेन या लगेच ठोके देणाऱ्या द्रवाला 0 अंक आहे. जास्त ऑक्टेनने शक्ती वाढते, हा समज मात्र चुकीचा आहे. ठोके न देणाऱ्या इंजिनाला महाग पेट्रोलाचा काहीही लाभ होत नाही.

निवड मुख्यतः संपीडन गुणोत्तरावरून, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते यावरून, करावी. फोर्ड मॉडेल टीचे गुणोत्तर 4 च्या आसपास, तर 1489 घ.सेंमी. इंजिनाच्या अँबॅसडरचे सुमारे 7.2 असल्याने दोहोंना 91 ऑक्टेन पुरून उरते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात मात्र 7, 8 किंवा 9 गुणोत्तराचे दट्टे (पिस्टन) बसवले जात आणि तो आकडा इंजिन क्रमांकाच्या शेवटी कोरलेला असे. तेथे मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही. सिलिंडरचे झाकण म्हणजे हेड घासून घेतले असल्यास किंवा आत काजळी साचली असल्यासही गरज वाढते.

कोयलीच्या रिफायनरीमुळे पेट्रोलशी जुने नाते असलेल्या बडोद्यात वैशाखातला पारा चाळिशीपार जातो. गरम हवा आत ओढली गेल्याने ठोके लवकर सुरू होतात, म्हणून टायमिंग थोडे मागे घेणे, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडणे, हा पहिला व स्वस्त उपाय होय. त्याच दिवसांत इंधननळीत वाफ अडकून गाडी बंद पडते, पण तो दोष पेट्रोलच्या बाष्पशीलतेचा असल्याने ऑक्टेन वाढवून जात नाही.

पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाचा प्रश्नही वेगळा आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले. शिसे ऑक्टेन वाढवतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसते त्या बैठकीचेही झिजेपासून रक्षण करी, आणि हे दुसरे काम 100 ऑक्टेनचे पेट्रोलही करत नाही. त्यासाठी कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात.

आजची खरी काळजी इथेनॉलची आहे. 20 टक्के इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो, परंतु मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, त्यामुळे कार्बोरेटरला मोठा जेट (इंधन सोडणारे छिद्र) लागतो. जुने रबर व बुचाचे गॅस्केटही खराब होतात. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पुरेसे पाणी शिरल्यास ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक घटतो.