लहान मुलासह विमानप्रवास : कार सीटची निवड, पात्रता, कागदपत्रे आणि विमान कंपनीची परवानगी

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांमधील लेक-जावई किंवा मुलगा-सून आता परदेशात नोकरी करतात आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दिवाळीला गावी येताना त्यांच्याबरोबर वर्ष-दीड वर्षाचे मूल असते. मुंबई विमानतळापासून धुळ्यापर्यंतचा सुमारे 320 किलोमीटरचा रस्ता कसारा घाटातून मोटारीने कापायचा असल्याने बरेच पालक कार सीट सोबत आणतात. तीच सीट विमानात बाळासाठी वापरता येते, परंतु त्यासाठी कोणती पात्रता पूर्ण करावी लागते आणि परवानगी कशी मिळवावी, याची माहिती तिकीट काढण्याआधीच असलेली बरी. पुढील मजकुरात गाडीत बांधायच्या सीटला ‘कार सीट’ आणि विमानातील जागेला ‘आसन’ म्हटले आहे.

वयाची अट

प्रवासाच्या दिवशी ज्याला दोन वर्षे पूर्ण झालेली नाहीत, ते मूल विमान कंपन्यांच्या लेखी ‘इन्फंट’ असते आणि त्याला मांडीवर घेऊन जाता येते. मात्र एका प्रौढाच्या मांडीवर एकच मूल चालते. जुळी मुले असतील आणि प्रौढ एकच असेल, तर दुसऱ्या मुलासाठी आसन घ्यावेच लागते. दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मधल्या काळात येत असेल, तर परतीच्या तिकिटात मुलासाठी स्वतंत्र आसन असणे आवश्यक आहे. येताना इन्फंट म्हणून आलेले मूल जाताना काउंटरवर अडते, ते याच कारणाने.

माझे स्पष्ट मत असे की, परवडत असेल तर दोन वर्षांखालील मुलासाठीही आसन विकत घ्यावे. विमान अचानक हादरले, तर दहा-बारा किलोचे मूल हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य होत नाही. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे आपत्कालीन उतरणीत जे विमान कोसळले, त्यात मांडीवरची चार मुले होती. त्यांना पायांजवळ जमिनीवर धरून ठेवण्याची सूचना देण्यात आली होती आणि त्यांपैकी एक दगावले. तेव्हापासून अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आसन असावे, असा आग्रह धरलेला आहे. आसनाचा खर्च वाढला तर कुटुंबे विमान सोडून अधिक धोक्याच्या रस्त्याने जातील, या विचाराने तेथील विमान प्रशासनाने मात्र ते सक्तीचे केलेले नाही.

कोणती कार सीट पात्र ठरते

सर्वप्रथम सीट उलटी करून बुडाचे आणि बाजूंचे लेबल वाचावे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर, ती मोटार वाहनांत आणि विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचे इंग्रजी वाक्य लाल अक्षरांत छापलेले असते. युरोपीय सीटवर आर 44 किंवा आर 129 या मानकाचे नारिंगी लेबल असते, परंतु केवळ तेवढ्यावर सर्वच कंपन्या समाधानी होत नाहीत. ‘फॉर यूज इन एअरक्राफ्ट’ अशी वेगळी नोंद असेल, तर काम सोपे होते. भारतातील एआयएस 072 हे मानक मोटारीपुरते आहे. त्याच्या लेबलावरून सीट विमानात चालेल, असे गृहीत धरू नये.

दुसरी अट रुंदीची आहे. अमेरिकी विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार 16 इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे 40 सेंटिमीटर रुंदीची सीट बहुतेक आसनांत बसते. मोजपट्टी लावताना कप ठेवण्याच्या खणांसह सर्वांत रुंद भाग मोजावा. मोटारीत कार सीट अडकवण्यासाठी असतात तसे आयसोफिक्सचे हुक विमानात नसतात. त्यामुळे केवळ कमरेच्या पट्ट्याने बांधता येणारी सीटच उपयोगाची ठरते. बूस्टरला, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीला, खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानाच्या सर्वसाधारण आसनाला तो नसतो, म्हणून उड्डाण व उतरणीच्या वेळी बूस्टर वापरता येत नाही. साधारण 9 किलोंपर्यंतच्या बाळासाठी मागे तोंड असलेली आणि 9 ते 18 किलोंसाठी पुढे तोंड असलेली सीट, अशी अमेरिकी प्रशासनाची ढोबळ विभागणी आहे. प्रत्यक्षात सीटच्या पुस्तिकेतील वजन-उंचीची मर्यादाच अंतिम मानावी. 10 ते 20 किलो वजनाच्या मुलांसाठी आसनाच्या पाठीला बांधायचा केअर्स नावाचा पट्टाही त्या प्रशासनाने मंजूर केलेला आहे. तो वजनाला हलका आहे, परंतु मोटारीत चालत नाही.

नात्यातल्या कोणी दिलेली जुनी सीट घेताना ती अपघातात सापडलेली नाही याची खात्री करावी आणि प्लास्टिकवर कोरलेली वापराची अंतिम तारीख पाहावी.

कागदपत्रे

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला हाच मुख्य कागद आहे आणि खानदेशात तो मिळवताना एक अडचण नेहमी येते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते. त्यामुळे सासर धुळ्यात आणि जन्म चोपड्यात असेल, तर दाखला चोपडा नगरपरिषदेकडून घ्यावा लागतो, तर जन्म खेड्यात झाला असल्यास ग्रामपंचायतीकडून. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावयाची असते. अनेकदा बारशापूर्वीच नोंद झाल्याने दाखल्यात बाळाचे नाव रिकामे राहते. 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क भरून घेता येते. तिकिटावरील नाव आणि दाखल्यावरील नाव अक्षरशः एकच असावे.

1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट ‘डी’ हे घोषणापत्र जोडावे लागते. पाच वर्षांखालील मुलाचे बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघते. देशांतर्गत प्रवासात तेही सोबत असू द्यावे.

परवानगीची प्रक्रिया

अमेरिकी कंपन्यांच्या विमानात मुलाचे तिकीट काढलेले असेल आणि मंजूर लेबलाची सीट असेल, तर कंपनी ती नाकारू शकत नाही. इतर कंपन्यांचे नियम निरनिराळे आहेत, म्हणून लेखी परवानगी घ्यावी. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीला विचारावे. ई-मेलमध्ये पीएनआर (तिकिटाचा आरक्षण क्रमांक), मुलाची जन्मतारीख व वजन, सीटचे मॉडेल आणि रुंदी, ती कोणत्या दिशेने बसवायची हे नमूद करून लेबलाचे छायाचित्र जोडावे. उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण फोनवर मिळालेल्या होकाराचा विमानाच्या दाराशी उपयोग होत नाही. जळगावहून एटीआर या लहान पंख्याच्या विमानाने जाणार असाल, तर आसनाचे मापही याच पत्रात विचारून घ्यावे.

कार सीटसाठी खिडकीजवळचे आसन घ्यावे, म्हणजे इतरांची बाहेर पडण्याची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगा टाळाव्यात. पट्ट्यात एअरबॅग असलेले आसनही चालत नाही.

सुरक्षा तपासणीत मुलाला उचलून घ्यावे लागते आणि रिकामी सीट एक्स-रे यंत्रातून जाते. विमानात पट्टा सीटच्या ठरलेल्या मार्गातून ओवून घट्ट ओढला की बकल बरेचदा बाळाच्या पाठीमागे येते. त्याची झडप बोटांना सहज सापडेल अशी वळवून ठेवावी, नाहीतर उतरताना पट्टा सोडवणे फार कष्टाचे होते.

विमानातून उतरल्यावर ही सीट लगेच गाडीतही लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालील मूल सीट बेल्ट किंवा कार सीटशिवाय नेल्यास 1000 रुपये दंड आहे. आखाजीच्या सुमारास उन्हात उभ्या गाडीत धातूचे बकल चटका बसण्याइतके तापते. बाळाला बसवण्यापूर्वी बकलला हाताची मागची बाजू लावून पाहावी आणि गाडी सावलीत लावेपर्यंत सीटवर ओला पंचा टाकून ठेवावा.