आर्थिक धोरणाचे भाषण (अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक)

कर, रोजगार, महागाई, व्यापार आणि सरकारी खर्च यांबाबत आपण काय करणार हे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार ज्या भाषणात सांगतो, त्याला तिथल्या प्रचारात स्वतःचे स्थान आहे. ते पक्षाच्या अधिवेशनात होते, डेट्रॉइट इकॉनॉमिक क्लबसारख्या उद्योजकांच्या व्यासपीठावर होते, कारखान्याच्या आवारात होते; टीव्हीवरच्या वादफेरीत तेच तुकड्यातुकड्यांनी पुन्हा ऐकू येते. पूर्ण भाषण फार थोडे लोक ऐकतात. बाकीच्यांपर्यंत त्यातले एखादे वाक्य, एखादा आकडा किंवा एखादे दृश्य पोहोचते आणि मतदार ते आपल्या घरच्या हिशेबाशी ताडून पाहतो. पाने भरून मांडलेली योजना या वाटेवर कुठे गळते आणि काय टिकते, हा या नोंदीचा विषय आहे.

जुन्या नमुन्यांत सर्वांत गाजलेले भाषण विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे. ९ जुलै १८९६ रोजी शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ते झाले. विषय तसा रुक्ष होता : चलन फक्त सोन्याला बांधलेले असावे, की चांदीची नाणीही मुक्तपणे पाडू द्यावीत? पण शेतमालाचे भाव वर्षानुवर्षे उतरत होते आणि कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहत होता. चांदीमुळे चलन वाढेल, भाव चढतील आणि कर्ज फेडणे सोपे होईल, ही चांदीची बाजू दक्षिणेतल्या आणि पश्चिमेतल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावी लागली नाही. या वादात मुंबईचाही एक धागा आहे. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीसाठी बंद केल्या. त्यामुळे जगभर चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतल्या खाणी बंद पडू लागल्या. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, असे म्हणत ब्रायन यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि क्षणभर तसेच उभे राहिले. सभागृहात आधी शांतता पसरली, मग एकच कल्लोळ उठला. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. दुसऱ्याच दिवशी या ३६ वर्षांच्या वक्त्याला उमेदवारी मिळाली. पूर्वेकडच्या वृत्तपत्रांनी, त्यांच्याच पक्षाला मानणाऱ्यांनीसुद्धा, त्यांच्यावर टीकेची झोड उठवली आणि नोव्हेंबरमध्ये सोन्याची बाजू घेणारे रिपब्लिकन विल्यम मॅकिन्ली जिंकले. ज्या चांदीने शेतकऱ्याचे कर्ज हलके होणार होते, त्याच चांदीने शहरातल्या कामगाराच्या पगाराची किंमत घटणार होती. सगळ्यांच्या घरचा हिशेब एकसारखा नसतो, हे या पराभवात स्पष्ट दिसते.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९ ऑक्टोबर १९३२ रोजी पिट्सबर्गच्या सभेत केंद्र सरकारचा कारभारखर्च २५ टक्क्यांनी कमी करण्याचे आश्वासन दिले होते. पुढे त्यांच्या सरकारचा खर्च वाढतच गेला, तरी १९३६ मध्ये ते आधीपेक्षा मोठ्या मताधिक्याने निवडून आले. कामधंदा परत मिळू लागलेल्या मतदाराने ते वचन उकरून काढले नाही.

टीव्हीच्या काळात सर्वांत परिणामकारक ठरला तो एक प्रश्न. २८ ऑक्टोबर १९८० रोजी तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या क्लीव्हलंडच्या वादफेरीच्या अखेरीस रोनाल्ड रेगन यांनी विचारले : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? दुकानात जाऊन वस्तू घेणे तेव्हापेक्षा सोपे झाले आहे का? त्या वर्षी अमेरिकेत महागाईचा दर सरासरी १३.५ टक्के होता. रेगन यांना उत्तर सांगावे लागले नाही. ते प्रत्येक घरात तयार होते. त्या रात्री एबीसी वाहिनीने प्रेक्षकांना फोन करून कौल द्यायला सांगितले. एका फोनला ५० सेंट पडत होते, तरी सुमारे ७ लाख फोन आले आणि कौल जवळपास दोनास एक असा रेगन यांच्या बाजूने गेला. हौसेने फोन करणाऱ्यांचा हा कौल शास्त्रीय पाहणी नव्हता, पण बातमी म्हणून तो देशभर फिरला. आठवड्याने झालेल्या मतदानात कार्टर यांच्या हाती ५० पैकी जेमतेम सहा राज्ये लागली.

करांविषयी खरे बोलण्याची मोठी किंमत रेगन यांचे १९८४ मधले डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांनी मोजली. सॅन फ्रान्सिस्कोत १९ जुलै १९८४ रोजी उमेदवारी स्वीकारताना ते म्हणाले की, रेगन कर वाढवतील आणि मीही वाढवीन. ते तुम्हाला सांगणार नाहीत, मी आताच सांगितले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. निवडणुकीत त्यांना स्वतःचे मिनेसोटा राज्य आणि राजधानीचा जिल्हा एवढेच मिळाले. हा धडा जॉर्ज बुश थोरले यांनी गिरवला. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात ‘नवे कर लावणार नाही’ हे त्यांनी इतक्या ठासून सांगितले की भाषणातले बाकी सगळे मागे पडले. १९९० मध्ये तूट कमी करण्यासाठी काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेशी, तडजोड करताना कर वाढवावे लागले आणि तेच वाक्य त्यांच्यावर उलटले. तडजोड देशाच्या तिजोरीसाठी शहाणपणाची होती, असे आज अनेक जाणकार मानतात. १९९२ च्या मतदाराने मात्र मोडलेला शब्द मोजला.

१९९२ ची निवडणूक या विषयातली सर्वांत समृद्ध आहे. अधिकृत गणनेनुसार मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, पण बेरोजगारी त्यानंतरही चढत राहिली आणि जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर गेली. मंदी संपल्याची औपचारिक घोषणा झाली ती डिसेंबर १९९२ मध्ये, मतदानानंतर. फेब्रुवारीत बुश ऑर्लँडोतल्या किराणा व्यावसायिकांच्या प्रदर्शनात गेले. तिथे फाटलेला बारकोडही वाचणारे नवे यंत्र पाहून त्यांनी कौतुक केले. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापले की, अध्यक्ष साध्या दुकानातल्या यंत्राने चकित झाले. बातमी लिहिणारा पत्रकार तिथे नव्हता. दुसऱ्या वार्ताहराच्या टिपणावर त्याने ती बेतली होती. यंत्र खरोखर नवे होते, असे खुलासे नंतर आले, पण वाणसामानाची यादी हातात घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या मनात चित्र पक्के बसले होते. हा बुश यांच्यावर अन्यायच होता.

१५ ऑक्टोबरला रिचमंडच्या वादफेरीत प्रश्न सामान्य मतदारांनी विचारायचे होते. एका तरुणीने विचारले की, राष्ट्रीय कर्जाचा तुम्हा प्रत्येकाच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि झाला नसेल तर आमच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार? ती बोलत असतानाच बुश यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, आणि कॅमेऱ्याने ते टिपले. त्यांनी व्याजदरांपासून सुरुवात केली, मग प्रश्न नीट कळला नाही असे सांगितले. कर्ज हा शब्द तिने चुकून वापरला होता; तिला म्हणायचे होते मंदी. डेमोक्रॅटिक उमेदवार बिल क्लिंटन खुर्चीवरून उठले, तिच्याजवळ चालत गेले आणि त्यांनी आधी तिलाच विचारले : तुमच्यावर काय परिणाम झाला, ते परत सांगा, नोकरी गेलेले, घर गेलेले लोक तुमच्या ओळखीत आहेत ना? आपल्या छोट्या राज्यात लोकांच्या नोकऱ्या गेल्या की बहुधा त्यांची नावे आपल्याला माहीत असतात, असे ते म्हणाले. क्लिंटन यांच्या उत्तरात धोरण होते, पण ते ऐकून घेण्यानंतर आले. आर्थिक भाषण कसे करावे, याचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

त्याच वर्षी अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांनी पैसे मोजून अर्ध्या तासाची वेळ विकत घेतली आणि हातात दर्शक काठी धरून तुटीचे तक्ते समजावून सांगितले. ६ ऑक्टोबरचा तो कार्यक्रम सुमारे १ कोटी ६५ लाख लोकांनी पाहिला, आणि त्यांना शेवटी जवळपास १९ टक्के मते मिळाली. लोकांना आकड्यांचा कंटाळा येतो, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. कंटाळा येत असावा तो तुकडे करून दाखवलेल्या आकड्यांचा. माध्यम-अभ्यासक डॅनियल हॅलिन यांच्या अभ्यासानुसार टीव्ही बातम्यांत उमेदवाराच्या स्वतःच्या आवाजातला सलग तुकडा १९६८ मध्ये सरासरी ४३ सेकंदांचा होता. १९८८ मध्ये तो ९ सेकंदांवर आला. ९ सेकंदांत करप्रस्ताव मावत नाही, टोमणा मावतो. उरलेली जागा कोण पुढे, कोण मागे या चर्चेने भरते.

वेळही घात करते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, त्याच सकाळी रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन जॅक्सनव्हिलला म्हणाले की, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. काळ कठीण आहे, असेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले होते, पण तो भाग प्रतिस्पर्ध्याने आणि वाहिन्यांनी मागे ठेवला. दुपारपर्यंत मॅकेन यांना ‘पाया म्हणजे आपले कामगार’ असा खुलासा करावा लागला. २४ फेब्रुवारी २०१२ रोजी मिट रॉम्नी यांनी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर करयोजना मांडली. सुमारे १,२०० श्रोते मैदानावर खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांच्याभोवती ६५,००० आसनांचे रिकामे स्टेडियम होते. दुसऱ्या दिवशी चर्चा त्या रिकाम्या खुर्च्यांची झाली.

मतदार केवळ स्वतःचा खिसा पाहतो असेही नाही. राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड किंडर आणि रॉडरिक कीव्हिएट यांनी दाखवले की, मत देताना लोक स्वतःच्या परिस्थितीपेक्षा देशाची परिस्थिती कशी वाटते याला अधिक वजन देतात. देशाची परिस्थिती कळते ती बरीचशी माध्यमांतून. मार्क हेदरिंग्टन यांनी १९९२ विषयी हेच मांडले : बातम्या जितक्या अधिक पाहिल्या-वाचल्या, तितके अर्थव्यवस्थेविषयीचे मत वाईट. त्यात पक्षनिष्ठेचा चष्माही असतो. २०१६ आणि २०२० मध्ये निकाल लागताच, नवा अध्यक्ष शपथ घेण्याआधीच, दोन्ही पक्षांच्या समर्थकांचे अर्थव्यवस्थेविषयीचे मत उलटसुलट झाले होते. त्यामुळे भाषणाने प्रत्यक्षात हलवता येण्याजोगे मतदार थोडेच उरतात.

२०२४ मध्ये १५ ऑगस्टला डॉनल्ड ट्रम्प यांनी न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला टेबलांवर किराणा मांडून पत्रकारांशी संवाद साधला. दुसऱ्या दिवशी कमला हॅरिस यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात पहिले घर घेणाऱ्यांना २५,००० डॉलरपर्यंत मदत आणि खाद्यपदार्थांच्या अवाजवी दरवाढीवर बंदी यांची घोषणा केली. माध्यमांत लगेच ही किंमतनियंत्रणे आहेत का, यावर वाद पेटला. महागाईचा दर जून २०२२ मधल्या ९.१ टक्क्यांवरून एव्हाना ३ टक्क्यांच्या आत आला होता. पण दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे; चढलेले भाव तसेच होते. अर्थतज्ज्ञ वेग सांगत होते आणि गिऱ्हाईक पावतीवरची रक्कम वाचत होते. मतदानोत्तर पाहणीत सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी अर्थव्यवस्था वाईट असल्याचे सांगितले.

त्या प्रचारात सर्वाधिक टिकले ते एक छोटे वचन. जूनमध्ये लास व्हेगासला, जिथे हॉटेल-रेस्टॉरंटमधले हजारो लोक टिपवर जगतात, ट्रम्प यांनी टिपवर कर नको असे म्हटले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात हॅरिस यांनीही ते उचलले. अर्थतज्ज्ञांनी दोघांवर टीका केली : तेवढाच पगार, पण टिप नसलेल्या कामगाराने काय करावे? जुलै २०२५ मध्ये ते वचन मर्यादित वजावटीच्या रूपात कायद्यात आले. वजावटीची मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे, आणि पुढची अध्यक्षीय निवडणूक त्याच वर्षी आहे.