उतारावर न्यूट्रल केल्यानं पेट्रोल वाचत नाही

वणीच्या गडावरून नांदुरीकडे उतरताना कित्येक जण बाईक न्यूट्रलवर सोडतात, काही तर इंजिनच बंद करतात. ‘तेवढंच पेट्रोल वाचतं’ हा समज नाशकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत त्यात थोडंफार तथ्य होतं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरनं मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा, सर्रास आलं. अशा गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की चाकच इंजिन फिरवतं आणि इंजेक्टर बहुतेक वेळा पेट्रोल तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच.

शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापले की पकड सुटते, तीही नेमकी वळणावर. मागे डबलसीट असेल तर विचारच नको!

गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचं तर खरी अडचण वेगळी आहे: गिअर कमी करताना बसणारा झटका. त्यावर उपाय सोपा आहे. वळणाआधीच वेग उतरवा, क्लच दाबा, ॲक्सिलरेटर किंचित पिळून आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढवा, एकच गिअर खाली घ्या आणि क्लच सावकाश सोडा. दुसऱ्या-तिसऱ्यावर गाडी आपोआप आवरली जाते.