वाचनालयामागचा ट्रस्ट : ‘सार्वजनिक’ या शब्दाची पार्श्वभूमी

तालुक्याच्या कुठल्याही जुन्या वाचनालयाचा जिना चढताना भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते. देणगीदारांची नावे, रकमांच्या उतरत्या क्रमाने. आत कपाटांच्या दारांवर पांढऱ्या रंगात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. आमच्या गावी तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव होते, ते पंखा बंद असतानाच वाचता यायचे. देव-घेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाच्या पगारावर मात्र कधी कोणाचे नाव नसते. वाचनालयांना मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थांचा इतिहास पाहताना ही पगाराची रिकामी जागा सारखी आडवी येते.

सुरुवातीचा काळ परिचित आहे. १८२८ मध्ये रत्नागिरी, १८४० मध्ये नाशिक, १८४८ मध्ये पुणे, १८५० मध्ये कोल्हापूर. गोरे अधिकारी आणि गावचे प्रतिष्ठित यांनी वर्गणी काढून खोली घ्यायची, वर्तमानपत्रे लावायची, असा तो प्रकार. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे नाव त्या वेळचे. शतकाच्या अखेरीस, १८९३ मध्ये ठाण्याला आणि १८९८ मध्ये मुंबईत, केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालये निघाली, तेव्हा पुढाकार पूर्णपणे इथल्या मध्यमवर्गाचा होता. सरकारने वाचनालय काढून द्यावे, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

इथेच ‘सार्वजनिक’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. मराठीत सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे. सार्वजनिक गणपती सरकारचा नसतो, चार जणांनी मिळून सगळ्यांसाठी बसवलेला असतो. सार्वजनिक वाचनालयही तसेच. वर्तमानपत्रे चाळायला कोणीही यावे, पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि महिन्याची वर्गणी भरावी, कारभार निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाने पाहावा. मद्रासकडच्या माणसाला ‘पब्लिक लायब्ररी’ म्हटल्यावर करातून चालणारी, सरकारी नोकरांची संस्था आठवते. आपण तोच शब्द वर्गणीच्या पावतीवर छापतो. त्यात कायद्याने भर घातली. बहुतेक वाचनालये १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आहेत आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्टही आहेत. तिथला ‘सार्वजनिक’ तिसराच : लाभ कोणा एका कुटुंबाचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे ‘वाचनालयामागे कोणता ट्रस्ट आहे?’ असे बाहेरच्याने विचारले की कार्यवाह गोंधळतात. अहो, वाचनालय हाच ट्रस्ट आहे. वेगळे प्रतिष्ठान काढून त्याने वाचनालय पोसायचे, ही रीत आपल्याकडे उशिरा आली आणि अजून तुरळकच आहे.

१९५० च्या कायद्याने शिस्त आणली, हे मान्य करायला हवे. हिशेब तपासणी आली, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला, जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आली. बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागी असलेल्या कितीतरी वाचनालयांच्या इमारती या एका अटीमुळे टिकल्या, असे माझे मत आहे. जागा अडकून पडल्याची तक्रार करणारे विश्वस्तही पुष्कळ भेटतात.

मात्र सगळ्यात वादाचा निर्णय १९६७ चा, म्हणजे राज्याच्या ग्रंथालय कायद्याचा. त्याआधी दोन प्रयत्न झाले होते. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची उतरंड सुचवली होती. पैशाअभावी तिचा थोडाच भाग, तोही १९४६-४७ पासून पुढे, प्रत्यक्षात आला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. तो देशातला पहिला. संस्थान विलीन झाले आणि कायदाही मागे पडला. १९४८ मध्ये मद्रासने मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला. शेजारच्या कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात कराची वाट धरली. महाराष्ट्राने दोन वर्षांनी कायदा केला, तो बिनकराचा. कराऐवजी ग्रंथालय निधी, आणि त्यात सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत अशी तरतूद. १ मे १९६८ पासून तो लागू झाला.

कर का नको? समर्थकांची बाजू अशी : इथे आधीच शंभर-सव्वाशे वर्षांच्या संस्था उभ्या होत्या. कर लावला तर पैसा स्थानिक स्वराज्य संस्थेचा, मग ग्रंथालयही तिचे, मग मंडळाची सत्ता गेली. अनुदान घेतले तर पुस्तक कोणते घ्यायचे हे संस्थाच ठरवणार. हा मुद्दा पोकळ नाही. नगरपालिकेची सत्ता बदलली म्हणून ग्रंथखरेदी बदलली, असे आपल्याकडे सहसा झाले नाही, ते या रचनेमुळेच. विरोधकांचे म्हणणे असे की कर हा हक्क असतो आणि अनुदान ही मेहेरबानी. अर्थसंकल्पाला कात्री लागली की पहिला हात अनुदानावर पडतो. गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिले तर मला दुसरी बाजू जड वाटते. किमान रकमेचा आकडा कायद्यात घालणे म्हणजे महागाईला आमंत्रण देणे. १९६७ च्या २५ लाखांचे आज काय उरले, ते सांगायला नको.

त्या निर्णयाचा परिणाम थेट ट्रस्टच्या तिजोरीवर झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग पडले, ड सर्वांत लहान. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान, उरलेले दहा टक्के संस्थेने उभे करायचे. ऐकायला दहा टक्के किरकोळ वाटतात. पण ‘मान्य खर्च’ आणि खरा खर्च यांत अंतर पडत गेले, आणि ते अंतर भरून काढणारा तो देणगीदार. शिवाय अनुदान दोन हप्त्यांत येते आणि पगार बारा महिने द्यायचा असतो. मधल्या महिन्यांत कार्यवाह स्वतःच्या खात्यातून उचल देतात, अशी वाचनालये मी पाहिली आहेत.

देणग्यांची तऱ्हाही समजून घ्यायला हवी. जुन्या पद्धतीत देणगी ‘कायम निधी’त जायची : मुद्दल बँकेत, व्याजातून आईच्या नावाने व्याख्यान किंवा बालविभागाला पुस्तके. एक लाखावर बारा टक्क्यांनी वर्षाला बारा हजार मिळत, त्यात वक्त्याचे मानधन, प्रवासखर्च आणि सभागृहाचे वीजबिल भागे. व्याज सात टक्क्यांवर आले तेव्हा हातात सात हजार राहिले आणि खर्च तिप्पट झाला. मुद्दल मोडायची सोय नाही, जास्त परतावा शोधावा तर कायद्याने गुंतवणुकीचे मार्ग आखून दिलेले. अनेक गावांतल्या व्याख्यानमाला सात दिवसांवरून तीन दिवसांवर का आल्या, याचे उत्तर श्रोत्यांइतकेच या हिशेबात आहे.

अलीकडची पंधरा वर्षे सगळ्यात घडामोडींची. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली. कागदावरची वाचनालये सापडली, ते योग्यच झाले. पण त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल दोन्ही गोठले, त्यात चांगल्या संस्थाही भरडल्या. त्याच सुमारास वाढलेले अनुदानाचे दर पुढची दहा वर्षे तसेच राहिले. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा ड वर्गाचे वार्षिक ३० हजार ४८ हजारांवर गेले. महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, भाडे, वर्तमानपत्रे आणि ग्रंथपाल. वेतनश्रेणी मागितली की उत्तर ठरलेले : तुम्ही संस्थेचे नोकर, शासनाचे नाही. ‘सार्वजनिक’चा गुंता इथे पुन्हा भेटतो.

दुसरी घडामोड कंपन्यांच्या बाजूने. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले, आणि कोणत्या कामांवर ते सांगणाऱ्या सातव्या अनुसूचीत वारसा आणि कलेच्या जोडीला सार्वजनिक ग्रंथालयांचे नाव आले. मोठ्या उद्योगांची प्रतिष्ठाने त्यानंतर वाचनालयांच्या दारात दिसू लागली. अभ्यासिकेत वातानुकूलन, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे संच, संगणक, तालुक्यात फिरणारी ग्रंथपेटी. सकाळी सातला एमपीएससीची मुले पायऱ्यांवर रांग लावतात, ती या पैशामुळे, हे नाकारता येणार नाही.

पण अनुसूचीतले शब्द ‘सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे’ असे आहेत. चालवणे नाही. अनुसूचीचा अर्थ उदारपणे लावावा, असे केंद्राने २०१४ मध्येच परिपत्रक काढून कळवले. तरी प्रस्ताव घेऊन गेलेल्या कार्यवाहांना विचारा. इमारत मागितली तर चर्चा होते, कपाटे लगेच मिळतात, ग्रंथपालाचा तीन वर्षांचा पगार मागितला की समोरचा माणूस फाइल मिटतो. पगारावर पाटी लावता येत नाही. आमच्याकडे एका प्रतिष्ठानाने अखेर एक वाट काढली : पगाराची रक्कम ‘संगणकीय दाखल नोंद प्रकल्प’ या नावाखाली दिली. ग्रंथपाल सकाळी जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवतो आणि संध्याकाळी पुस्तके देतो-घेतो. प्रकल्पाची मुदत येत्या मार्चअखेर संपते, आणि नोंदवही क्रमांक नऊपर्यंतच काम झाले आहे.