कुरणांचे उपग्रहीय दूरसंवेदन

चराई चालू असलेल्या संरक्षित गवताळ प्रदेशातील हिरवे गवत, वाळके गवत, उघडी जमीन व जळीत यांतील बदल उपग्रह-प्रतिमांवरून मोजण्याची पद्धत. कोल्हापूर जिल्ह्यात तिचा विचार मुख्यतः मसाई पठार, राधानगरी अभयारण्यातील सडे (डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारे) आणि लगतची गायराने यांच्या संदर्भात करावा लागतो. उपग्रहाला चराई दिसत नाही, चरून उरलेले तेवढे दिसते; पद्धतीच्या बहुतेक अडचणी यातूनच निघतात.

मोजणीचा गाभा म्हणजे एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक. ताजे पान तांबडा प्रकाश शोषते व समीप-अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, परतवते. अवरक्ताच्या परावर्तनातून तांबड्याचे वजा करून त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागले की हा निर्देशांक मिळतो. त्याच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. क्रीग्लर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच असे गुणोत्तर वापरले होते. श्रेय मात्र सहसा टेक्सासमधील राऊझ गटाला देतात. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमांवरून त्यांनी साधारण १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्स या गवताळ मैदानांतील नैसर्गिक कुरणांची वाढ या निर्देशांकाने मोजली. तो रूढ झाला टकर यांच्या १९७९ च्या अभ्यासामुळे, आणि तोही गवतावरचाच होता. सूत्र आधीचे असले, तरी कुरणाचे माप म्हणून त्याची सुरुवात राऊझ गटापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचा तांबड्या व समीप-अवरक्त तरंगपट्ट्यांतील पिक्सेल, म्हणजे प्रतिमेचा एक ठिपका, जमिनीवर १० मी. × १० मी., म्हणजे जवळपास एक गुंठा. दोन उपग्रह मिळून तीच जागा ५ दिवसांनी पुन्हा टिपतात. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, पण जुनी तुलना त्यावरच होते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती फारसे लागत नाही. सेंटिनेल-१ चे रडार ढगांपार पाहते, तथापि आखूड गवतावर त्याच्या संकेतात जमिनीचा ओलावाच अधिक उमटतो.

जुन्या-नव्या प्रतिमा एकत्र लावताना होणारी एक चूक महागात पडते. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रिया-आवृत्तीत सेंटिनेल-२ च्या प्रत्येक पिक्सेलच्या अंकात १००० मिळवलेले असतात. ते वजा करून १०,००० ने भागल्यावर परावर्तन मिळते. तांबडे ०.०६ व अवरक्त ०.३० असलेल्या कुरणाचा निर्देशांक ०.६७ येतो, वजाबाकी विसरल्यास तोच ०.४३ दिसतो आणि नसलेला ऱ्हास अहवालात शिरतो. काही संकेतस्थळे ही दुरुस्ती आधीच करून देतात, तेथे ती दुसऱ्यांदा करू नये.

विरळ गवतातून जांभा दिसतो व त्याचा रंग आकड्यात मिसळतो. त्यासाठी ह्यूट यांचा १९८८ चा मृदा-समायोजित निर्देशांक बरा. त्यातील जमिनीचा प्रभाव कमी करणारा स्थिरांक सहसा ०.५ घेतात. नोव्हेंबरनंतर गवत पिवळे पडले की दोन्ही निर्देशांक घसरतात, जमिनीवर वैरण उभी असली तरी. वाळके गवत व उघडी जमीन वेगळी काढायला १६१० व २१९० नॅनोमीटरच्या आसपासचे लघुतरंग-अवरक्त पट्टे घ्यावे लागतात. त्यांचा पिक्सेल २० मीटरचा.

पडताळणीसाठी ऑक्टोबरमधील निरभ्र प्रतिमेच्या तारखेलगत १ मी. × १ मी. चौकटीतले गवत कापून, सुकवून, वजन स्थिर झाल्यावर तोलतात. एका पिक्सेलमागे एकच चौकट घेणे व्यर्थ. पाच-सहा तरी हव्यात. कमी पावसाचे वर्ष व जादा चराई आकड्यांत सारखीच दिसतात, म्हणून शेजारीच कुंपण घातलेला, न चरलेला तुकडा लागतो. तो निदान ३० मी. × ३० मी. असावा, नाहीतर कडेचे मिश्र पिक्सेलच हाती येतात.

हिरवे म्हणजे चारा नव्हे. रानमोडी हे तण पसरलेला उतार निर्देशांकात उत्तम कुरण ठरतो, जनावर मात्र तिला तोंड लावत नाही. मेंढरे बसवलेली जागा लेंडीखतामुळे पुढच्या पावसाळ्यानंतर भोवतालापेक्षा गडद उमटते. वणव्याची काळी जागा अतिचराईची समजली जाऊ नये म्हणून फेब्रुवारी ते मे जळिताचा नकाशा स्वतंत्र करतात. राधानगरीत गवत गव्याने खाल्ले की म्हशीने, हे कोणत्याच पट्ट्यातून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर आखलेल्या वाटांवरून चालत शेण मोजावे लागते.