लाटेचा उतार आणि बोर्डाचा आकार

‘आज लाट किती फुटांची?’ एवढं विचारून सर्फबोर्ड उचलला की निम्म्या वेळा निवड चुकते. उंचीपेक्षा जास्त कळीची गोष्ट म्हणजे लाट किती उभी होऊन फुटते, आणि ते ठरवतो समुद्राचा तळ. हवाईच्या ओआहू बेटावर याचे दोन्ही नमुने एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. दक्षिणेकडच्या वायकिकीला तळ हळूहळू वर येतो, म्हणून लाट सावकाश, माथ्यावरून फेस सांडत फुटते. मीटरभर उंचीची अशी लाटसुद्धा सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास पुढे सरकते. हातांनी पॅडल करून माणूस जेमतेम दीड-पावणेदोन मीटर गाठतो. उरलेला वेग उतारावरून घसरून मिळवायचा, पण इथे उतारच सौम्य. म्हणून ९ फुटांहून लांब, २२-२३ इंच रुंद आणि बुडाने जवळजवळ सपाट असा लाँगबोर्ड लागतो. तो कमी ढकलण्यातही घसरू लागतो.

हाच बोर्ड उत्तर किनाऱ्यावरच्या पाइपलाइनला नेला तर बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात रुतून माणूस पुढे फेकला जाईल. तिथे खोल समुद्रातून आलेली लाट एकदम उथळ खडकावर चढते, माथा पुढे झेपावतो आणि पाण्याची पोकळ नळी तयार होते. लाटेचा आतला बाक इतका तीव्र असतो की सपाट बोर्ड त्यात बसत नाही. त्यासाठी बोर्डालाच बाक हवा. त्याला रॉकर म्हणतात. लांबी साडेसहा-सात फूट, रुंदी कमी, शेपूट निमुळती. रुंद शेपटीला वेगात पाणी वर उचलतं आणि बोर्डाची कड लाटेवरची पकड सोडते. निमुळती शेपूट पाण्यात दबून राहते.

तिथून जवळच वायमिया. हिवाळ्यातल्या तिथल्या प्रचंड लाटांना बोर्ड पुन्हा लांब होतो, साडेनऊ-दहा फुटांचा ‘गन’, कारण एवढ्या वेगवान लाटेवर चढायला पॅडलचा वेगही जास्त लागतो. पण तो अरुंद आणि टोकदारच असतो.

लहान, बिनजोराच्या लाटेवर चपळ वळणं हवी असतील तर फिश उत्तम: साडेपाच फुटांच्या आसपास, २१ इंच रुंद, मागे खोल खाच. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने १९६७ मध्ये तो गुडघ्यांवर बसून सर्फिंग करण्यासाठी घडवला होता. त्याच्या दोन फिन, म्हणजे बुडाशी पाण्यात पकड देणाऱ्या पात्या, उभ्या लाटेवर मात्र कमी पडतात. ती उणीव ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० मध्ये तिसरी फिन जोडून भरून काढली, आणि आजचे बहुतेक शॉर्टबोर्ड तीन फिनचेच असतात.

लाटांचा अंदाज वाचताना उंचीशेजारचे सेकंदही, म्हणजे दोन लाटांमधलं अंतर वेळेत, वाचावेत. खोल पाण्यात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर, १४ सेकंदांची ३०० मीटरच्या वर. एक मीटर उंचीची लांब लाट किनाऱ्याशी येताना बरीच वाढते, आखूड लाट फारशी नाही. आखूड असेल तर जास्त लिटरचा, म्हणजे जास्त घनफळाचा बोर्ड घ्यावा.

गोव्यात अश्वे किंवा मांद्र्याला पावसाळ्यानंतरच्या लहान लाटांवर शिकणाऱ्याने वजनाच्या दर किलोला एक लिटर धरावा. ७० किलोच्या माणसाला ८-९ फुटी मऊ फोमबोर्ड. त्याचंही नाक सारखं रुतत असेल तर बोर्ड बदलण्याआधी चार बोटं मागे सरकून झोपावं.