वणवा आणि उपरे वृक्ष (मराठवाडा)

मराठवाड्यातील वणवा हा मुख्यतः गवताचा वणवा असतो. बालाघाटाच्या रांगा, अजिंठ्याचे डोंगर आणि किनवट-माहूरकडील सागवानी जंगल या पट्ट्यांत तो शिशिरापासून मृगाच्या पावसापर्यंत केव्हाही लागू शकतो. वनविभाग साधारणपणे 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. पावसाळ्यात वाढलेले कुसळी गवत दिवाळीनंतर वाळते, आणि जिथे चराईबंदी पाळली गेली तिथे ते कापले न गेल्यास उन्हाळ्यापर्यंत जागच्या जागी उभे राहते. म्हणूनच नेटाने राखलेला डोंगर उघड्याबोडक्या डोंगरापेक्षा अधिक जळतो, ही या प्रदेशातील वृक्षलागवडीची मोठी पंचाईत आहे.

आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. बांध पेटवणे, उसाचे पाचट जाळणे, मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवणे, विडीचे थोटूक टाकणे ही नेहमीची कारणे होत. डोंगर जाळला की गवत जोमाने फुटते, हा समजही जुना आहे. तो अर्धाच खरा आहे. जळाल्यानंतर कोवळे फुटवे येतात. परंतु वरचेवर जळणाऱ्या उतारावर रोपे जगत नाहीत आणि मुरमावरचा मातीचा पातळ थर पहिल्याच वळवाच्या सरीने वाहून जातो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे.

परदेशातून आलेल्या वृक्षांचा या आगीशी असलेला संबंध सरळ नाही. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वृक्ष झटपट हिरवाई देतो म्हणून डोंगरांवर लावला गेला. त्याची पाने ऐन वणव्याच्या काळात गळून पडतात. वरचा भाग जळाला तरी खोडातून नवे धुमारे येतात, तर शेजारी लावलेले आवळा-बेहड्याचे रोप मरून जाते. वेडी बाभूळही जाळल्याने मरत नाही, बुंध्यापासून पुन्हा फुटते. घाणेरीची जाळी वाळली की जमिनीवरच्या आगीला वर चढायला शिडीच मिळते. थोडक्यात, हे वृक्ष आग लावत नाहीत, पण प्रत्येक आगीनंतर देशी झाडांची जागा थोडी थोडी बळकावतात.

निलगिरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पानांत तेल असते आणि काही जातींच्या सालीच्या लांब पट्ट्या पेटत्या अवस्थेत वाऱ्याबरोबर दूर जाऊन नवी आग लावतात. ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या या झाडांनी 1991 मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरील आग भडकवण्यास हातभार लावला. तिच्यात 25 माणसे दगावली. पोर्तुगालमध्ये पेद्रोगाओ ग्रांदे येथे जून 2017 मध्ये निलगिरी व पाइनच्या लागवडी पेटल्या. मृत्युमुखी पडलेल्या 66 जणांपैकी बहुसंख्य लोक घर सोडून निघाल्यावर रस्त्यातच आगीत सापडले. मराठवाड्यात निलगिरी बांधावर व तुकड्यातुकड्यांनी असल्यामुळे एवढा धोका संभवत नाही. आपल्याकडे चारा म्हणून लावले जाणारे गिनी गवत मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. हवाई बेटांतील लाहायना शहरातला साखर कारखाना 1999 मध्ये बंद पडल्यावर उसाची जमीन पडीक राहिली आणि तिच्यावर गिनी गवतासारखी परकी गवते माजली. ऑगस्ट 2023 च्या आगीत हे शहर बेचिराख झाले व शंभराच्या आसपास माणसे गेली. गवत कापून गुरांपुढे पडते तोवर त्याचे भय नाही; ते बेवारस वाढले की भय सुरू होते.

या कारणांमुळे मराठवाड्यात वणव्यापायी गावेच्या गावे हलवण्याचा प्रसंग सहसा येत नाही. हलवावी लागतात ती जनावरे. डोंगर उतरणारी आग आधी आखाड्याला, म्हणजे शेतातल्या गोठा-वस्तीला गाठते, आणि तिथे दाव्याला बांधलेली गुरे, कडब्याची गंजी, ठिबकच्या नळ्या व पत्र्याचा गोठा एकाच ठिकाणी असतो. अशा वेळी जाणती माणसे गाठी सोडत बसत नाहीत, विळ्याने दावी कापून जनावरे नांगरलेल्या रानात हाकलतात, कारण नांगरटीत जळण्याजोगे काही नसते. बीड जिल्ह्यातील डोंगरी गावांत आणखी एक अडचण येते. वणव्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा ऊसतोडीला गेलेली माणसे अद्याप परतलेली नसतात. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपायला गावात म्हातारी माणसे आणि पोरेच उरलेली असतात.

घर सोडण्यास लोक नाखूश असतात, त्यामागे चोरीचे भय हे एक मोठे कारण असते. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी 2025 च्या आगींत रिकाम्या केलेल्या वस्त्यांत संचारबंदी लावावी लागली आणि चोरीच्या संशयावरून अटकाही झाल्या. तरीही आपत्तीत होणारी लूट तिच्या बोलबाल्याच्या मानाने कमी असते, असेच या विषयाच्या अभ्यासकांना बहुधा आढळले आहे. मराठवाड्याला आपत्तीतील गर्दीचा अनुभव 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात आला. तेव्हा बघ्यांची एवढी रीघ लागली की मदतीच्या वाहनांना वाट मिळणे कठीण झाले. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार बाधित भागातील ये-जा रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला आहे. घरे रिकामी करवून घेताना राखणीची व्यवस्थाही त्याच आदेशात असली, तर माणसे लवकर निघतात.

प्रतिबंधाचे मुख्य साधन आजही जाळरेषाच आहे. हंगामापूर्वी ठराविक रुंदीचा पट्टा कापून तो देखरेखीखाली जाळतात. हे काम वारा पडलेला असतानाच करावे लागते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाइलवर पाठवते. परंतु वाळल्या गवतातली आग सूचना पोहोचेपर्यंत पुढची टेकडी गाठू शकते, आणि फायर ब्लोअर (हवेच्या झोताने आग विझवण्याचे यंत्र) घेतलेला वनमजूर तिथे पायीच चढत असतो. म्हणून लागवड राखणाऱ्या काही गावांत दिवाळीनंतर गवत कापून नेण्याची मुभा दिली जाते: चराई बंद, कापणी खुली. त्यामुळे चारा घरी येतो आणि डोंगरावर जळण्याजोगे फारसे राहत नाही.